जळवांचे मोजे

शहापूरच्या बाजारपेठेत मी उभी हयात शिवणकाम केलं. लग्नाचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश, ओटीची खणचोळी, जे येईल ते शिवलं. पण आजही कुणी बाजारात माझं घर विचारलं, तर समोरून उलट प्रश्न येतो, "त्या जळवांच्या मोजेवाल्या का?" एवढ्या नवऱ्या मी नटवल्या, त्यांतल्या एकीनेही माझं नाव कुठे काढल्याचं ऐकलं नाही. नाव केलं ते जळवांनी.

आता दुकान बंद आहे. मोतीबिंदू काढला तरी सुईत दोरा ओवायचा म्हणजे झटापट होते. त्यामुळे "मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा" असं दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं तेव्हा म्हटलं, हातात सुई नाही तर पेन धरून बघू. ब्लाऊजबद्दल लिहायला बसले तर भांडणंच जास्त होतील. मोज्यांबद्दलच लिहिते.

पुष्कळांना हे मोजे माहीत नसतात. आपल्याकडचं रान चार महिने ओलं आणि बाकीचे कोरडं. फाल्गुनात सागाची पानं गळतात, पायाखाली वाजतात, आणि शेणव्याच्या बाजूला उभं राहिलं की डोंगराची उघडी पाठ दिसते. पण दक्षिणेत घाटातून काही रानं अशी आहेत, की ती बारा महिने ओली असतात. पानं गळतात आणि वर नवी येतच राहतात. खाली कुजलेल्या पानांचा थर असतो आणि त्यात जळवा. आपल्या तळ्यातल्या पाण्यातल्या नव्हेत, जमिनीवरच्या. माणसाची चाहूल लागली की त्या उभ्या राहतात, बुटावर चढतात आणि साध्या मोज्याच्या विणीतून सुताएवढ्या बारीक होऊन आत शिरतात. चावलेलं कळत नाही. रक्त दिसतं तोवर जळू पोट भरून गळून गेलेली असते. म्हणून पावलापासून गुडघ्यापर्यंत एकसंध कापडी मोजा शिवायचा, पँट त्यात खोचायची, वर नेफ्यातली नाडी आवळायची आणि मग बूट चढवायचे. एवढंच हे शास्त्र.

हे शास्त्र मला शिकवलं बापट सरांनी. सर मुरबाडला राहायचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि दिवाळी झाली की विद्यार्थी आणि हौशी मंडळी घेऊन कर्नाटकातल्या तसल्या रानात जायचे. परदेशातून कुणीतरी दिलेला एक फाटका मोजा घेऊन ते मुरबाडच्या सगळ्या शिंप्यांकडे फिरले होते. सगळ्यांनी हसून परत पाठवलं, म्हणून शहापूरला आले. मी हसले नाही, कारण तेव्हा मला गिऱ्हाईक हवं होतं. आमचे हे शेजारच्या मशीनवर पँटी शिवायचे. सर गेल्यावर म्हणाले, "आता टेप घे आणि जळवांची मापं घ्यायला जा."

पहिले मोजे मी मांजरपाटाचे शिवले. सर सहलीहून आले, दुकानात उभ्या उभ्या पँट वर केली आणि दोन्ही नडग्या दाखवल्या. लाल ठिपक्यांची रांगोळी. म्हणाले, "कापड चुकलं. शिवण मात्र उत्तम." माणूस असा, की रक्त काढलं तरी आधी बरं बोलणार. मग घट्ट विणीचं पॉपलिन आणलं, शिवण दोनदा दुमडून शिवली, म्हणजे आत शिरायला फट नको. रंग पांढरा किंवा फिका, म्हणजे चढलेली जळू लगेच दिसते. इलॅस्टिक नको, ते पायाला काचतं. नाडीच बरी. पुढच्या सहलीहून सर पेढे घेऊन आले.

गिऱ्हाइकांना मी एक गोष्ट बजावून सांगायची. नवे मोजे घालून थेट रानात जायचं नाही. आधी घरात, अंगणात, बाजारात घालून हिंडायचं. कापड पायाचं वळण घेतं, कुठे टोचतंय ते कळतं. सराव करा, मग जा. त्यामुळे दिवाळीच्या आसपास शहापूरच्या भाजीबाजारात गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवलेले निवृत्त मुख्याध्यापक मेथीची जुडी निवडताना दिसायचे. लोक हसायचे. सहलीहून परतल्यावर कुणाच्या पायाला जळू चावली का, हे बघायला मात्र तीच माणसं पुढे.

नमुने पुष्कळ भेटले. सापगावचा एक तरुण आला, त्याला मोजे मिलिटरीच्या छापाचे हवे होते. म्हटलं, "बाबा, जळू त्यावर दिसणार नाही." तो म्हणाला, "मावशी, फोटोत मी दिसलो पायजे." शेवटी मी शिवले नाहीत. एका नव्या नवरीला वरच्या काठाला लेस हवी होती. तिला दिली, कारण नव्या नवरीला नाही म्हणायची माझी छाती नाही. आल्यावर तिने सांगितलं की जळवांना लपायला लेसइतकी छान जागा दुसरी नव्हती.

धसईचे एक भाताचे व्यापारी होते, तात्या म्हणत सगळे. सरांनी यादी दिली त्यात हलका प्लास्टिकचा रेनकोट होता. तात्या घोंगडी घेऊन निघाले. मी म्हटलं, "तात्या, ती घोंगडी वाळणार नाही." म्हणाले, "ओ, आमच्या बापानं घोंगडीवर भाताची आवणी केली, आज्यानं केली. पाऊस काय आमी बघितला नाय का?" आठवड्याने आले ते घोंगडीशिवाय. पहिल्या दिवशी भिजली ती परतेपर्यंत वाळली नाही, वास यायला लागला, मग गाडीतल्या मंडळींनी तिला गाडीत घ्यायला नकार दिला. तात्या खांदे पाडून म्हणाले, "आपल्याकडं पाऊस येतो नि जातो. तिथं त्यो राह्यलाच आलेला हाय."

भातकरी माणसाची ही चूक मी नंतरही पाहिली. दिवाळी झाली की पाऊस संपला, हे आपल्या हाडात असतं. तिथल्या पावसाला दिवाळी कुणी सांगितलेली नसते.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि मी हसलेही. आता ज्याबद्दल हसू येत नाही ते सांगते.

ताराबाई माझ्याकडे काजं-बटणं आणि तुरपाई करायला यायची. शेणव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. सकाळी जीपने यायची, दुपारी जीपनेच परत जायची. नवरा लवकर गेलेला, घरी मुलगा किसन. वयाने माझ्याएवढीच, पण मला वयनी म्हणायची आणि मी तिला तारा. बोलणं कमी. तिचं हातकाम इतकं बारीक, की उलटीसुलटी बाजू ओळखू येऊ नये.

किसनच्या लग्नाला मी तिच्या वाडीवर गेले होते. नवरानवरीला देवाच्या पाया पडायला नेलं तेव्हा बायकांबरोबर मीही गेले. वाडीच्या मागे देवाचं रान आहे. हद्दीला एक शेंदूर लावलेला दगड. तिथे सगळ्यांनी चपला काढल्या. नव्या नवरीचे मोजडीसारखे जोडे होते, तेही काढायला लावले. त्या रानात कुणी कोयता नेत नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीला आणत नाही. ताराच्या म्हाताऱ्या सासूच्या पायाला तेव्हा जखम झालेली होती आणि तिने पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. ती तशीच आत गेली, कुणी काही बोललं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लक्षात ठेवा, कारण मी ते ऐनवेळी तिथे सांगायला नव्हते.

तारा म्हणायची, तिच्या आजेसासूच्या वेळी ते रान इतकं दाट होतं की भर दुपारी आत दिसायचं नाही. आता झाडं विरळ झाली. वादळात पडली, काही वाळली, नवी उगवत नाहीत कारण गुरं रोपं ठेवत नाहीत. अलीकडून पलीकडचं शेत दिसायचं.

बापट सर दुकानात बसून सहलीच्या मंडळींना तयारी सांगायचे. काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवा, बोटांच्या बेचक्यात पावडर घाला, कपडे वाळतील ही आशा सोडा. असंच एकदा सांगता सांगता ते म्हणाले, "तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. दुपारी टॉर्च लावून पानं बघावी लागतात."

ताराची सुई थांबली. "असं रान अजून हाय?"

"आहे की," सर म्हणाले.

सर गेल्यावर तारा मला म्हणाली, "वयनी, मला जायाचंय." आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. उचल मागितली नाही, सुट्टी मागितली नाही. रान मागितलं.

योग असा, की त्या वर्षी सरांना मुक्कामावर स्वयंपाकाला माणूस हवं होतं. मी म्हटलं, तारा येईल, आणि तिच्या हाताखाली मी. सर खूश झाले. आमचे हे म्हणाले, "जळवांची मापं घ्यायला निघालीस शेवटी." मीही खूश होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पायांसाठी शिवलं, आता दोन जोड स्वतःसाठी. एक ताराचा, एक माझा. तिचं पाऊल मापायला घेतलं तेव्हा ती पाय मागे ओढायला लागली. टाचांना भेगा, अंगठे बाहेरच्या बाजूला पसरलेले. "वयनी, माझ्या पायाला नका हात लावू." मी म्हटलं, "गप बस गो, गिऱ्हाईक आहेस तू आता."

सरांनी तिच्यासाठी बूट आणले. जन्मात तिने बंद जोडा घातला नव्हता. वाडीवर रोज घालून हिंडायची आणि दुकानात येऊन सांगायची, "पाय कोंडतं, पन सवय व्हतीय." किसन हसायचा, सून हसायची, ती मात्र सराव सोडत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी माझी लेक मुरबाडला बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली, दिवस भरायच्या आधीच. यात कुणाचा काही दोष नाही. आईने लेकीजवळ असावं, मी होते. सरांची गाडी मुरबाडवरूनच सुटणार होती. तारा गाठोडं घेऊन दवाखान्याच्या दारात आली.

"तुमी नाय तर मी बी नाय," म्हणाली.

"वेडी आहेस का? तू जा. आणि मला येऊन सांग आत कसं असतं ते."

ती गेली. नातू झाला. नातवाला मांडीवर घेऊन मी ताराचीच वाट बघत होते, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर ती दुकानात आली आणि पिशवीतून मोजे काढून माझ्यापुढे ठेवले. पांढरे स्वच्छ. घडीसुद्धा माझीच.

"धुतलेस?"

"घातलंच नाय."

मला वाटलं आजारी पडली. पण ती सगळ्या दिवसांचा स्वयंपाक करून आली होती. मंडळी सकाळी आत जात, तिन्हीसांजेला परत येत, आणि ही रानाच्या कडेला मुक्कामावर चुलीशी. सर नंतर मला म्हणाले, "पहिल्या दिवशी बूट चढवून, मोजे रानाच्या तोंडाशी घालायचे म्हणून हातात घेऊन आमच्याबरोबर आल्या. रान सुरू झालं तिथे थांबल्या, खाली बसल्या आणि बूट काढायला लागल्या. सोबतचा वनरक्षक म्हणाला, सापाचं रान आहे, अनवाणी सोडणार नाही. त्या म्हणाल्या, मंग मी नाय येत. मला वाटलं घाबरल्या. मी आग्रह केला नाही." सरांचा आवाज पडला होता. विद्यार्थ्यांना ते कधी मागे ठेवत नसत.

मी ताराला विचारलं, "बूट का काढलेस? एवढा सराव केलास तो कशाला?"

"मला वाटलं, दाट असलं तरी रान असंल आपल्यासारकं. लाकूडफाट्याचं." ती बटणाशी खेळत होती. "त्ये तसं नव्हतं, वयनी. त्ये देवाचं व्हतं. आमची म्हातारी सांगायची ना, तसं. आतनं गारवा यायचा नि दुपारी काळोख. तिथं वहाना घालून कसं जायाचं?"

"मग सरांना सांगायचं नाही का?"

"लाज वाटली. समदे बूट घालून आत गेलं व्हतं. त्येंना कसं सांगू, तुमचं चुकलं म्हनून?"

मला तिथेच तिच्या सासूचं फडक्यात गुंडाळलेलं पाऊल आठवलं. मी म्हटलं, "तारा, मोजे कापडाचे आहेत. कापड म्हणजे वहाण नव्हे. तुझी सासू पायाला फडकं बांधून देवाच्या रानात गेली होती की नाही? बूट काढायचे, नुसत्या मोज्यांवर जायचं. सरांनी चार पावलं तरी नेलं असतं."

तिने हातातलं बटण खाली ठेवलं.

"व्हय की," म्हणाली. मग म्हणाली, "तवा तुमी तिथं पायजे व्हत्या, वयनी."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ती नुसतं खरं बोलली. सगळं सामान बरोबर होतं, मोजे होते, माणसं भली होती. फक्त एक वाक्य सांगणारं कुणी नव्हतं, आणि ते वाक्य येणारी बाई मुरबाडला बाळाचे लंगोट बदलत होती.

मी त्याच आठवड्यात तिच्यासाठी दुसरा जोड शिवला. तळाला जाड कॅनव्हास, आत घोंगडीच्या तुकड्याचा थर, आणि सगळीकडून दुहेरी शिवण. कातडं नाही, रबर नाही. सरांना दाखवला. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मी वनखात्याशी आधी बोलून ठेवतो. थोडंच आत, मी स्वतः पुढे चालेन." ताराने मोजे उलटेसुलटे करून पाहिले आणि पदराखाली घेतले. मी सवयीने बजावलं, "नुसते ठेवू नकोस. घालून हिंड. सराव कर, मग जाऊ."

पुढचं वर्ष टाळेबंदीचं निघालं. गाड्या बंद, सहली बंद, दुकानाला कुलूप. नंतर सगळं सुरू झालं तोवर सर निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फोनवर म्हणाले, "आता माझ्याच्याने होणार नाही हो." सहल बंद झाली ती झालीच.

ताराला मी हे नीट सांगितलं का? आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, बघू म्हणतात. ती बाजाराला आली की विचारायची, "वयनी, कदी?" मी म्हणायची, "बघू, दिवाळी होऊ दे." मला वाटायचं, दुसरं कुणी सहल नेणारं मिळेल. माझे डोळे बिघडले, मशीन बंद झाली, तिचं येणं कमी झालं. मग नुसतेच निरोप यायचे, जीपवाल्याबरोबर कधी रानातली करवंदं, कधी शेवळांची रानभाजी. निरोपात विचारणं नसायचं. मला वाटलं, विसरली.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर ती वारली. ताप आला, डोक्यात गेला, एवढंच कळलं. मला उशिरा कळलं, तोवर दहावं होऊन गेलं होतं. थोड्या दिवसांनी तिची सून, जनी, घरी आली. चहा घेतला. मग पिशवीतून एक पुडकं काढलं.

"सासूबायनी सांगितल्यालं, ह्ये तुमाला द्यायचं."

आत तो दुसरा जोड होता. पांढरा रंग कुठे राहिला नव्हता. गुडघ्यापर्यंत मातीचे आणि हिरवे डाग, धुऊनही न गेलेले.

"कुठे घालायची ग ती?"

"वाडीमागं, देवाच्या रानात. दर आयतवारी जायाच्या. पावसात बी. आमी म्हनायचो, आये, पडशील. तर म्हनायच्या, सराव करतेय. वयनी बोलवतील तवा तयार पायजे."

जनी गेल्यावर मी चष्मा लावून ते मोजे उजेडात नेले. कॅनव्हास टाचेशी झिजून आरपार गेला होता, आतली घोंगडी बाहेर आली होती. मी बोटाने शिवण चाचपत वरपासून खालपर्यंत गेले. कुठे उसवली नव्हती.